गाडी दारात येते, पण कोणाच्या?

भोर आणि वेल्हे ही पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे. भोर हे निरेच्या काठचे, १९४८ पर्यंत पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेले गाव. वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याशी डोंगरकुशीत वसलेले गाव. या दोन्ही ठिकाणी आगगाडी पोचलेली नाही. भोरहून कापूरहोळ, तेथून महामार्गाने चेलाडीचा फाटा, मग नसरापूर आणि मार्गासनी करीत वेल्हे, अशी ही वाट आहे. कचेरीचे काम, दवाखाना, महाविद्यालय, बाजार, लग्नकार्य, मयत, या सर्वांसाठी दोन्ही खोऱ्यांतील माणसाला याच वाटेने जावे-यावे लागते. एस.टी.ची फेरी मिळाली तर ठीक. न मिळाली तर खासगी जीप आहेच. तिलाच आपल्याकडे 'वडाप' म्हणतात.

या वडापाने आता नवे रूप धारण केले आहे. पूर्वी ते फाट्यावर किंवा चौकात उभे राहून उतारू भरीत असे. आता हातोहाती दूरध्वनी आला आहे. आदल्या रात्री चालकाला फोन करावा, त्याने सकाळी दाराशी येऊन भोंगा वाजवावा, म्हातारीला हात देऊन बसवावे, पोते टपावर टाकावे आणि परगावीही थेट सोयऱ्याच्या दारात उतरवावे, अशी ही सोय आहे. या सोयीची वाखाणणी सर्वत्र चालू आहे. सरकारला जमले नाही ते खासगी उद्योगाने करून दाखविले, असे शहाणे लोक सांगतात. आम्हांलाही सोय नको आहे असे नाही. पावसाळ्यात या डोंगरी मुलुखात पायी चालणे म्हणजे काय असते, हे आमच्या समाजाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? परंतु आमचा प्रश्न साधा आहे. गाडी दारात येते हे खरे. पण ती कोणाच्या दारात येते?

आमच्या वकिलीच्या खोलीत एक गाऱ्हाणे पुनःपुन्हा येते. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही, कारण ते एका गावाचे गाऱ्हाणे नव्हे. गाडी गावात येते, देवळापाशी थांबते, आळीआळीने फिरते. बौद्ध वस्तीतून फोन गेला की उत्तर मिळते, "फाट्यावर या." भाडे मात्र तेच, दारातून बसणाराने जे द्यायचे तेच फाट्यापर्यंत चिखल तुडवीत आलेल्याने द्यायचे. फाट्यावर पोचेपर्यंत खिडकीजवळच्या जागा भरलेल्या असतात. आजारी आईला पाठीवर घेऊन मुलगा फाट्यापर्यंत येतो. बाळंतपणास निघालेली लेक भर पावसात झाडाखाली उभी राहते. तक्रार करा म्हटले तर उत्तर येते, "वकीलसाहेब, उद्या त्याच गाडीत बसायचे आहे." या एका वाक्यात आमच्या स्वातंत्र्याची सारी मोजदाद आहे.

नकार कोठे सुरू होतो?

हा प्रकार नवा नाही, क्षुल्लक तर मुळीच नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र ज्याने डोळसपणे वाचले असेल, त्याला प्रवासातील नकार हा त्यांच्या आयुष्यात किती वेळा आडवा आला हे माहीत असेल. त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांतील दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी लहानगा भीम आपल्या भावाभाच्यांसह आगगाडीने मसूर स्थानकावर उतरला. नवे कपडे घातलेली ही मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. परंतु ती महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही न्यावयास तयार होईनात. अखेर तोड निघाली ती अशी की, भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. बैल बाटत नव्हते, चाक बाटत नव्हते, दुप्पट पैसाही बाटत नव्हता. बाटत होता तो केवळ शेजार.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते, आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर काम करीत होते. चाळीसगावच्या स्थानकावर ते उतरले. महारवाड्यात जाण्यासाठी एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकावयास तयार होईना. पुन्हा तीच तोड. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतला एक माणूस पुढे बसला. मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांना मोठी दुखापत झाली. कायद्याच्या सर्वोच्च विद्येपेक्षा टांगेवाल्याची जात वरचढ ठरली, हा त्या प्रसंगाचा अर्थ त्यांनी स्वतःच सांगितला आहे.

या दोहोंच्या मधला तिसरा प्रसंग महाडचा. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या अनुयायांना धरमतरच्या मोटारमालकांनी महाडला नेण्याचे नाकारले. तेव्हा ही मंडळी बोटीचा लांबचा मार्ग पत्करून दासगावच्या बंदराला उतरली आणि तेथून मिरवणुकीने चालत महाडला गेली. ज्या भोरविषयी आपण बोलत आहोत, तेथून वरंधा घाट उतरला की महाडच लागते, याचा विसर भोरकरांना पडू नये.

हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. मसूरपर्यंत आगगाडीने आणले, नकार स्थानकाच्या फाटकाबाहेर मिळाला. चाळीसगावपर्यंत आगगाडीने आणले, नकार टांग्यांच्या अड्ड्यावर मिळाला. महाडच्या वेळी बोटीने जागा दिली, नकार मोटारीच्या मालकाने दिला. म्हणजे लांबचा प्रवास जातीने क्वचितच अडविला. अडविला तो शेवटचा कोस, घराच्या दाराशी जाणारा तुकडा. आगगाडीला वेळापत्रक होते, तिकीट होते, सरकारी नियम होता. शेवटच्या कोसाला यांपैकी काहीच नव्हते. तेथे फक्त एका माणसाची मर्जी होती. ज्या ठिकाणी नियम संपतो आणि मर्जी सुरू होते, त्या ठिकाणी जात दबा धरून बसलेली असते. घरपोच गाडीविषयी आमचे म्हणणे एवढेच आहे की, तिचा सारा व्यवहार याच शेवटच्या कोसावर चालतो आणि तो आज पुन्हा संपूर्णपणे मर्जीच्या हवाली केलेला आहे.

या शेवटच्या कोसाला आमच्यापुरता आणखी एक इतिहास आहे. गावोगावच्या वेसकराने पिढ्यान्‌पिढ्या दारोदार निरोप पोचविले. मयताची वार्ता घेऊन रात्री-बेरात्री परगावी धावत जाणारा, सरकारी दप्तर डोक्यावर वाहणारा, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणारा माणूस कोण होता? सर्वांच्या दारापर्यंत जाणारा आणि कोणाच्याही उंबऱ्याच्या आत न जाणारा तो आमचाच आजा-पणजा होता. बाबासाहेबांनी १९२८ पासून ज्या महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात झुंज दिली, ती कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. ज्यांच्या पूर्वजांनी बिनमोबदला सर्वांच्या दारी सेवा पोचविली, त्यांच्या दारी आज पुरे भाडे मोजूनही सेवा पोचत नाही, हा कोणता न्याय?

एस.टी.ने काय केले?

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. सामाजिक दृष्टीने ही घटना लहान नाही. वाहकाने प्रत्येकाला सारखेच तिकीट द्यायचे, रिकाम्या जागेवर प्रथम येणाराने बसायचे, चालकाने ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यावर गाडी उभी करायची. त्या गाडीत जातिभेद मनातून नाहीसा झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याला गाडीत वागण्याची मुभा राहिली नाही. ज्याच्या सावलीचा विटाळ होत असे, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसणे एस.टी.ने भाग पाडले. मनाचे परिवर्तन होईपर्यंत वाट न पाहता वर्तन बदलावयास लावणे, हे कायद्याचे आणि सार्वजनिक संस्थेचे कार्य असते. एस.टी.ने ते केले.

आज मात्र डोंगरी मार्गावरील फेरी तोट्याची, म्हणून ती चालविणे परवडत नाही, असे सांगितले जाते. ज्या १९५० च्या कायद्यान्वये मार्ग परिवहन महामंडळे स्थापन होतात, त्याच्या कलम २२ मध्ये महामंडळाने व्यापारी तत्त्वावर काम करावे असे म्हटले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच कायद्याच्या कलम १८ ने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक व्यवस्था पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. व्यापार हे साधन आणि सेवा हे कर्तव्य. साधन पुढे करून कर्तव्य नाकारणारा मनुष्य न्यायालयात टिकत नाही. मग महामंडळ जनतेच्या दरबारात कसे टिकावे?

शिवाय सवलतींचे पाहा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.त विनामूल्य प्रवास आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. शाळकरी मुलींना मोफत पास आहे. या सवलती स्तुत्य आहेत. परंतु त्या एस.टी.च्या पायरीवर आहेत, वडापाच्या नाहीत. ज्या वस्तीजवळ एस.टी. थांबत नाही, त्या वस्तीतील म्हातारीला विनामूल्य प्रवासाचा हक्क कागदावर आहे आणि जीपचे पूर्ण भाडे कनवटीला बांधावे लागत आहे. ज्याला अधिक गरज त्याला कमी लाभ, अशी ही उलटी गंगा आहे.

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आमच्या या म्हणण्यावर तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातील. त्यांचा समाचार येथेच घेणे बरे.

पहिला आक्षेप असा की, आता जात राहिली आहे कोठे? जीपमध्ये सारे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. चालकाला पैशाशी कारण, जातीशी नाही. यावर आमचे उत्तर असे की, गाडीच्या आत सारे एकत्र बसतात हे सत्य आहे आणि ते एस.टी.ने घातलेल्या वळणाचे फळ आहे. परंतु घरपोच सेवेची विक्री गाडीच्या आत होत नाही. ती दारात होते. आसन सर्वांना विकायचे आणि दार काहींनाच विकायचे, हा भेद आसनाकडे बोट दाखवून झाकता येणार नाही. पैसा जात जाणत नाही म्हणणाऱ्यांनी मसूरचे दुप्पट भाडे आठवावे. पैसा तेथेही होता.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. वस्तीकडचा रस्ता अरुंद, चढाचा. तेथे गाडी वळत नाही. चालकाने काय करावे? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण काही ठिकाणी तो खराही आहे. जीप चालविणारा पुष्कळदा कर्जाच्या हप्त्यांनी गांजलेला गरीब माणूस असतो. त्याच्याशी आमचे वैर नाही. परंतु विचार करा. चालक खरे बोलत असेल, तर गावठाणाच्या आळीआळीत गाडी फिरते आणि बौद्ध वस्तीपुढेच ती वळत नाही, अशी रचना कोणी केली? वस्ती गावकुसाबाहेर कोणी ठेवली? रस्त्याचे डांबर वस्तीच्या अलीकडेच का संपले? चालक खोटे बोलत असेल, तर गुन्हेगार चालक. खरे बोलत असेल, तर जाब ग्रामपंचायतीने द्यावयाचा. जबाबदार माणूस बदलतो. अन्याय बदलत नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच काही शिकलेल्या बांधवांचा आहे, आणि तो आम्हांस अधिक बोचतो. ते म्हणतात, देशात एवढे मोठे प्रश्न असताना जीप दारात येते की फाट्यावर थांबते यावर काय लिहिता? ज्याने स्वतःची मोटार घेतली आणि शहरात घर केले, त्याला फाटा आठवत नाही हे आम्ही समजू शकतो. परंतु चवदार तळ्याचे पाणी तरी काय मोठे होते? तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नव्हते. प्रश्न पाण्याचा नव्हता, समान माणूस म्हणून वागविले जाण्याचा होता. मोठा प्रश्न नेहमी लहान वस्तूच्या रूपाने दाराशी येतो. तो लहान म्हणून परत पाठविणारा मनुष्य मोठ्या प्रश्नाच्या वेळीही घरातच राहतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध केले आहे. १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे, रस्ते आणि सार्वजनिक स्थळे जातीच्या कारणावरून कोणास नाकारण्यास बंदी घातली आहे. यातील 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थाने योजिला असल्याचे, म्हणजे जो कोणी जनतेला सेवा देऊ करतो त्याला तो लागू असल्याचे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली या खंडाचा असाच व्यापक अर्थ लावला. तेव्हा खासगी गाडी म्हणजे खासगी मर्जी, हा समज संविधानाच्या जन्मापासूनच चुकीचा आहे.

१९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही सार्वजनिक वाहनाचा उपयोग करू न देणे हा अपराध आहे. कलम ६ तर आमच्या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखे आहे. इतरांना जी सेवा ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर नेहमीच्या व्यवहारात दिली जाते, ती त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच अटींवर देण्याचे अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हा अपराध, असा त्याचा आशय आहे. 'दारापर्यंत' ही जर सेवेची अट असेल, तर ती गावाला एक आणि वस्तीला दुसरी असू शकत नाही. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड.

आता कोणी कुत्सितपणे विचारील की, तुम्ही तर धर्मांतर केलेत. हिंदू राहिला नाहीत. मग अस्पृश्यतेच्या कायद्याचा आसरा कसला घेता? हा प्रश्न विचारणारास कायदा ठाऊक नाही आणि धम्मही ठाऊक नाही. कलम ४ आणि ६ यांचे संरक्षण कोणत्याही व्यक्तीस आहे. तेथे धर्म विचारलेला नाही. अपराध पीडिताच्या धर्मावर उभा नसून अपराध्याच्या मनातील विटाळावर उभा आहे. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तो विटाळ टाकला. ज्यांनी टाकला नाही त्यांच्यासाठी हा कायदा आहे. शिवाय १९९० साली केंद्राने अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्धांचा समावेश केला. त्यामुळे कलम १२ चे गृहीतकही आपल्या उपयोगी पडते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध या कायद्याखालील अपराध ठरणारे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने धरून चालावयाचे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र अपराध झाला असून सेवा मिळण्याची संधी नाकारणे हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत घातले आहे. ही दुरुस्ती जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

मग इतके कायदे असून गाडी फाट्यावरच का थांबते? त्याचे एक कारण मोटार वाहन कायद्यात सापडेल. १९८८ च्या त्या कायद्याप्रमाणे सहाहून अधिक उतारूंना वेगवेगळे भाडे घेऊन नेणारी गाडी म्हणजे टप्पा वाहतूक. तिला त्या प्रकारचा परवाना लागतो. वडापाची गाडी बहुधा अशा परवान्याविना धावते. पोलिसांना ते ठाऊक असते, परिवहन खात्याला ठाऊक असते, साऱ्या तालुक्याला ठाऊक असते. आता गंमत पाहा. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ८ ने कलम ६ खाली दोषी ठरलेल्याचा धंद्याचा परवाना रद्द वा स्थगित करण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे. परंतु जो परवाना मुळात नाहीच, तो न्यायालय रद्द कसा करणार? ज्या गाडीला तिकीट नाही, वेळापत्रक नाही, तक्रारवही नाही, तिच्याविरुद्ध दुर्बळाने पुरावा कोठून आणावा? बेकायदा वाहतुकीकडे डोळेझाक करणारे सरकार आपण गरिबाच्या सोयीसाठी उदार झालो असे समजते. वस्तुतः या डोळेझाकीने सबळाला सोय मिळते आणि दुर्बळाचा हक्क जातो.

नाव बदलले, वाट बदलली का?

राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. २०२४ साली वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय झाला. नावांना आमचा विरोध नाही. नावाचे सामर्थ्य आम्ही जाणतो. आम्ही स्वतःच जुने नाव टाकून 'बौद्ध' हे नाव घेतले आहे. परंतु आमच्या नावबदलामागे बावीस प्रतिज्ञा होत्या, आचाराचा बदल होता. सरकारी नावबदलामागे काय आहे? पाटीवर 'समतानगर' लिहिले आणि पाटीपर्यंत जाणारा रस्ता पूर्वीचाच राहिला, तर ती समता पाटीपुरती राहिली. ज्या राजगडावरून शिवछत्रपतींनी पंचवीसएक वर्षे स्वराज्याचा कारभार पाहिला, त्याचे नाव धारण करणाऱ्या तालुक्यात रयतेतील एक भाग फाट्यावर उभा राहावा, हे त्या नावास शोभत नाही.

मॉन्टगोमेरीचा धडा

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या निग्रो स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले. तिला अटक झाली. ५ डिसेंबरपासून तेथील निग्रो समाजाने शहरातील बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालविला. हजारो माणसे पायी चालली. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या त्यांनी त्या समाजाच्या हवाली केल्या. प्रार्थनामंदिरांनी गाड्या घेतल्या. माणसे गोळा करण्याची ठिकाणे ठरली. विमा कंपन्यांनी विमा नाकारला, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळविला. नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालयाने या गाड्यांवर मनाई केली. परंतु त्याच दिवशी तेथील सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद संविधानबाह्य ठरविला. आपली धम्मदीक्षा त्याच्या अवघा एक महिना आधीची. एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन पददलित समाज ताठ उभे राहिले.

या लढ्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी स्वतःच्या गाड्या चालविल्या. परंतु स्वतःच्या गाड्यांतच कायमचे बसावे असे त्यांनी ठरविले नाही. लढा सार्वजनिक बसमधील समान जागेसाठी होता. स्वतःच्या गाड्या हे लढ्याचे साधन होते. आमच्या तरुणांनी जीप घ्याव्यात, परवाने मिळवावेत, हे आम्हांस हवेच आहे. चाळीसगावी टांगा चालविण्यास सवयीचा हात नव्हता, म्हणून बाबासाहेबांना दुखापत झाली, हे आपण विसरू नये. परंतु बौद्धांची गाडी बौद्धांपुरती आणि गावाची गाडी गावापुरती अशी वाटणी झाली, तर तो विजय नव्हे. ती गावकुसाला फुटलेली चार चाके होत.

आमच्या मागण्या

म्हणून आमचे सांगणे नेमके आहे.

पहिले, एस.टी. महामंडळाने भोर-वेल्हे मार्गावर आणि आतल्या खोऱ्यांत शाळा, कचेरी व दवाखाना यांच्या वेळा धरून फेऱ्या ठेवाव्यात. अरुंद रस्त्यांवर लहान गाड्या घालाव्यात. आणि वस्तीच्या तोंडाशी विनंती थांबा द्यावा.

दुसरे, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी वस्तीतल्या गल्लीच्या काँक्रीटवरच संपू नये. मुख्य रस्त्यापासून वस्तीपर्यंतचा जोडरस्ता आणि गाडी वळण्यापुरती जागा ही त्यातील पहिली बाब असावी. रुग्णवाहिका जेथवर जाऊ शकत नाही, तेथवर विकास गेला असे कोणी म्हणू नये.

तिसरे, वडाप चालू ठेवावयाचे असेल तर ते उघडपणे परवान्याखाली आणावे. मार्ग, भाडे आणि घरपोच सेवेची हद्द गाडीवर लिहिलेली असावी. आणि त्या हद्दीतील कोणतीही वस्ती वगळल्यास परवाना जाईल, ही अट असावी. यात प्रामाणिक चालकाचेही हित आहे. आज तो ज्या भीतीखाली गाडी हाकतो, तीतून त्याची सुटका होईल.

चौथे, नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १५-अ ने अस्पृश्यतेपासून उद्भवणारी निःसमर्थता जेथे आहे ती क्षेत्रे शोधणे आणि कायद्याच्या अंमलाची वेळोवेळी पाहणी करणे या उपाययोजना राज्य सरकारच्या कर्तव्यात घातल्या आहेत. ती पाहणी या दोन तालुक्यांत वाहतुकीपुरती तरी करावी आणि जिल्हा दक्षता समितीपुढे मांडावी.

पाचवे सांगणे आमच्याच बांधवांना आहे. नकार मिळाला की घरी येऊन हळहळू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, गाडीचा क्रमांक लिहा, बरोबरच्या दोघांची नावे लिहा. ज्या दूरध्वनीवरून "फाट्यावर या" असे ऐकलेत, त्यात संभाषणाची नोंद ठेवता येते, ती ठेवा. एकट्याने तक्रार करू नका; विहारात बसून साऱ्या वस्तीच्या सह्यांनी करा. ज्याला उद्या त्याच गाडीत बसायचे आहे तो एकटा भितो. सारी वस्ती उद्या त्याच गाडीत बसणार असेल, तर भिण्याची पाळी दुसऱ्याची येते. तालुका विधी सेवा समितीकडे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस विनामूल्य वकील मिळतो. तो हक्क आहे, भीक नव्हे. आणि या भागातील बौद्ध वकिलांनी अशा कामाचे शुल्क घेऊ नये, असे आम्ही त्यांना आग्रहाने सांगतो.

भगवान बुद्ध पंचेचाळीस वर्षे पायी चालले. ते ज्या दारी गेले त्या दाराची जात त्यांनी विचारली नाही. सुनीत भंगी झाडू घेऊन रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभा होता. तथागत त्याला टाळून पुढे गेले नाहीत, त्याच्यापाशी थांबले. समतेची कसोटी हीच की, ती कोणापाशी थांबते. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावरील गाडी ज्या दिवशी शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या घरापुढे विनातक्रार थांबेल, त्या दिवशी घरपोच सेवेचे कौतुक आम्हीही करू. तोपर्यंत आमचा प्रश्न कायम आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो आम्ही विचारीत राहू.

जय भीम!